सोडून देण्याचे काम

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये २००९ साली मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा स्टोअरच्या खिडकीपाशी सात-आठ ऑपरेटर रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात झिजलेली कार्बाइडची टिप. जुनी टिप दाखवायची, चिठ्ठीवर सुपरवायझरची सही आणायची, तिच्याखाली शॉप इनचार्जची सही आणायची, मग स्टोअरकीपर लाल पुठ्ठ्याच्या जाड वहीत नोंद करणार, ऑपरेटर तिथे सही करणार आणि तेव्हा कुठे नवी टिप हातात पडणार. तोपर्यंत मागे सीएनसी मशीन बंद. एका ऑपरेटरच्या मागोमाग मी घड्याळ लावून फिरलो. मशीन थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत ३५ मिनिटे गेली होती. टिप होती अडीचशे रुपयांच्या आतली.

हिशेब मांडून मी मालकांना दाखवला. त्यांना तो जागच्या जागी पटला आणि दुसऱ्याच दिवशी वही बंद करण्याचा हुकूम निघाला. टिपा मशीनशेजारच्या छोट्या कपाटांत ठेवायच्या, ज्याला लागेल त्याने घ्यायची. महिन्याभराने पुन्हा गेलो तर कपाटांना कुलपे होती, किल्ल्यांचा जुडगा स्टोअरकीपरच्या कमरेला होता आणि त्यांच्या टेबलाच्या खणात अर्धी भरत आलेली दोनशे पानी वही होती.

मी चिडलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मार्चएंडला स्टॉक मोजतात. टिपा कमी भरल्या तर मालकांना कोणी विचारत नाही, मला विचारतात. २८ वर्षांत माझ्या नावावर एका टिपेची खोट नाही." मग ते नोकरीला लागले तेव्हाचे दिवस त्यांनी सांगितले. परवान्यांचा काळ. ऑर्डर दिली तरी माल कधी येईल याचा नेम नाही. हातातल्या टिपा संपल्या की अख्खे खाते बसून राहायचे. त्या दिवसांत ती वही होती म्हणून शिफ्ट चालली. वही सुरू दुसऱ्या कोणी केली होती, पण जपली होती ती त्यांनी.

शेवटी ती बंद झाली ती अकाउंट्स खात्याच्या प्रमुखांमुळे. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. टिपांचा खप यापुढे मशीनच्या खर्चात धरला जाईल आणि वर्षअखेरीच्या तुटीबद्दल स्टोअरकीपरना जबाबदार धरले जाणार नाही. खाली सही, शिक्का. स्टोअरकीपरनी त्या कागदाची झेरॉक्स काढून घडी करून खिशात ठेवली आणि त्याच आठवड्यात कुलपे निघाली.

कालबाह्य झालेल्या व्यवस्थापन-कल्पना संस्थांच्या हातून सुटाव्यात कशा, यावर पुस्तक लिहायचे मी ठरवले ते या चार ओळींमुळे. त्याआधी दहा-बारा वर्षे मी नव्या कल्पना शिकवत होतो. शिकवलेले लोकांना आवडायचे, टाळ्या पडायच्या, भिंतीवर नवे तक्ते लागायचे आणि सहा महिन्यांनी कारखाना होता तसाच. मला वाटायचे की आपले शिकवणे कमी पडते. आता माझे मत असे झाले आहे की जुनी कल्पना डोक्यात कमी आणि कागदात जास्त राहते. ती वहीत असते, फॉर्मच्या रकान्यात असते, सहीच्या जागेत असते. त्या कागदामागे कोणीतरी एक माणूस अंग चोरून उभा असतो. कागद काढला तर तो उघडा पडतो. त्याच्या डोक्यावर दुसरे छत्र धरल्याशिवाय त्याच्या हातातली जुनी छत्री काढून घेऊ नये, आणि ती निघणारही नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच वेगवेगळ्या जागी तपासून पाहिले आहे.

अशा जुन्या कल्पनांतली सर्वांत थोरली फ्रेडरिक टेलरची. आमच्या क्षेत्रात टेलरला चार शब्द सुनावून व्याख्यान सुरू करण्याची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या पोलाद कारखान्यात हा माणूस कामगार म्हणून लागला, पुढे फोरमन झाला. तिथे त्याने पाहिले की कामगार मुद्दाम हळू काम करतात, आणि त्यामागे कारणही आहे. कोणी जास्त माल काढून जास्त मजुरी मिळवली की मालक लगेच नगामागचा दर उतरवत. फोरमनची मर्जी हाच कायदा होता. अशा अंदाधुंदीत टेलर म्हणाला की काम मोजा, दिवसाचे वाजवी काम किती ते घड्याळाने ठरवा आणि दर एकदा ठरला की तो पाळा. १९११ साली त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे सांगणारे पुस्तक निघाले. त्या काळच्या मानाने मर्जीच्या जागी मोजमाप आणणे ही मोठी सुधारणा होती.

पण त्याच पुस्तकात कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या कामगाराची गोष्ट आहे. बेथलेहेम स्टीलमध्ये १८९९ साली एक माणूस दिवसाला साडेबारा टन लगडी वाहत होता. टेलरच्या सांगण्याप्रमाणे कधी उचलायचे, कधी बसायचे हे दुसऱ्याने ठरवल्यावर तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. पुढे १९७४ मध्ये अभ्यासकांनी जुने कागद तपासले, तेव्हा टेलरने या गोष्टीत बराच रंग भरल्याचे दिसले. तरी गोष्टीतून जे वाक्य उद्योगजगताने उचलले ते उचललेच. विचार करणारे वेगळे, हात चालवणारे वेगळे. घड्याळ गेले, कागद गेला, संगणक आला, पण ही विभागणी जागची हलली नाही. आजही कारखान्यात "तुला विचार करायचा पगार मिळत नाही" हे वाक्य ऐकू येते. बोलणाऱ्याने टेलरचे नावही ऐकलेले नसते.

कामगारांनी ही विभागणी मुकाट्याने घेतली असे समजू नये. १९११ मध्येच अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात घड्याळ लावणारा माणूस पाहून ओतकाम करणारे कामगार संपावर गेले. काँग्रेसने चौकशी केली आणि काही वर्षांत सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला मनाई झाली.

आपल्याकडचा अनुभव गिरणगावचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकर दोन माग सांभाळत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही गिरण्यांनी, त्यांत ससून गटाच्या गिरण्या पुढे होत्या, तीन माग आणि कताईखात्यात यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू अशी 'एफिशियन्सी'ची योजना आणली. यंत्रे जुनीच, सूत हलके, धागा तुटण्याचे प्रमाण तेवढेच, आणि माणसे मात्र कमी. १९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. या संपाचा राजकीय इतिहास बऱ्याच जणांनी लिहिला आहे. माझे लक्ष एका बारीक गोष्टीवर जाते. धागा का तुटतो, हे विणकराला ठाऊक होते. ते त्याला कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. मधे जॉबर होता, आणि जॉबर माणसे लावायचा, काढायचा, बदलीवाल्यांना दारात उभे करायचा. खालचे ज्ञान वर नेणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

मागांचीच दुसरी गोष्ट अहमदाबादची आहे, आणि ती आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास २२४ स्वयंचलित माग बसवले. अपेक्षेइतके कापड निघेना, खराब माल वाढला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांना दिसले ते असे. तीसच्या आसपास माणसे होती आणि कामाचे तब्बल १२ प्रकार. विणकराकडे एवढे माग, बॉबिन भरणाऱ्याकडे तेवढे, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे आणखी वेगळे. कोणाचाही हिशेब दुसऱ्याशी जुळत नव्हता. एक माग थांबला तर त्याला पुन्हा चालवायला चार-पाच जण लागत आणि त्या चार-पाच जणांपैकी कोणालाही तो माग 'आपला' वाटत नव्हता. टेलरच्या विचाराचे हे पूर्ण रूप होते. कामाचे तुकडे अगदी नीट केलेले, आणि काम मात्र होत नाही.

राइसनी सुचवले की काही मागांमागे एक छोटा गट करावा आणि त्या मागांचे सगळे काम त्या गटाने मिळून बघावे. सूचना साधी होती. पुढे जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. कामगारांनी आणि जॉबरनी ती कल्पना हातात घेतली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे स्वतःच ठरवून टाकले. सात-सात जणांचे गट झाले. सुरुवातीला उत्पादन वर गेले, मधे एकदा घसरले, पुन्हा सावरले आणि आधीच्या पातळीच्या वर स्थिरावले. खराब माल कमी झाला. ही माणसे फारशी शिकलेली नव्हती, त्यांना सहभागाचे प्रशिक्षण कोणी दिले नव्हते.

एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा अहमदाबादला गेले. एका विभागात गटाची पद्धत तेव्हाही टिकून होती. जिथे प्रयोग मुळात सुरू झाला तिथे मात्र ती विरत जाऊन जुने वळण परत आले होते. बाजार बदलला, कापडाचे प्रकार वाढले, वरून दबाव आला, आणि दबावात माणूस ओळखीच्या वाटेला लागतो. सोडून दिलेली कल्पना दाराबाहेरच उभी असते, हे मी या उदाहरणावरून शिकलो. एकदा सोडली म्हणजे सुटली असे होत नाही.

आता थोडे आपल्या रोजच्या जगाकडे येतो, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाकडे.

एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना गुणवत्तेचे धडे दिले, १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक तिथे दिले जाऊ लागले, हे पुष्कळांना माहीत असते. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये ते मिळाले तेव्हा कांदिवली आणि नागपूरच्या कामगारांनी ते आपले मानले. पण डेमिंगनी वार्षिक गुणांकन बंद करा, कामाच्या जागेवरून भीती घालवा, आकड्यांचे कोटे काढून टाका, असेही तेवढ्याच आग्रहाने सांगितले होते. पारितोषिक हवे असणाऱ्या कंपन्यासुद्धा हा भाग हळूच बाजूला ठेवतात.

डेमिंगचा लाल मण्यांचा एक प्रयोग आहे. मी तो गेली कित्येक वर्षे करून घेतो. रविवार पेठेतून आणलेले मणी, ३२०० पांढरे आणि ८०० लाल, एका डब्यात मिसळलेले. ५० खळग्यांची एक फळी. सहा जणांना 'कामगार' करायचे. फळी डब्यात बुडवून वर काढायची, तिच्यात ५० मणी येतात. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्शन. कामगाराच्या हातात काहीही नसते. सरासरी दहा लाल येणारच, कधी सहा, कधी चौदा. तरी मी सहा लाल आणणाऱ्याचे कौतुक करतो, चौदा आणणाऱ्याला मेमो देतो, दुसऱ्या फेरीत 'झिरो डिफेक्ट'चे पोस्टर लावतो, तिसऱ्या फेरीत सर्वांत वाईट तिघांना घरी पाठवतो.

चाकणच्या एका कारखान्यात हे चालू असताना कामगार झालेला एक प्रॉडक्शन मॅनेजर तिसऱ्या फेरीत फळी हातात धरून थांबला. लाल मणी मोजत राहिला. मग म्हणाला, "सर, डबा तर तुमचा आहे ना? लाल मणी तुम्हीच घातलेत." खोलीत कोणी बोलेना. तिथे बसलेल्या प्रत्येकाने त्या आठवड्यात कोणाला तरी रिजेक्शनवरून बोल लावले होते.

मला वाटले, झाले, यांना उमगले. एप्रिलमध्ये त्याच लोकांनी त्याच जुन्या फॉर्मवर त्याच पद्धतीने माणसांना पाचपैकी गुण दिले. चूक माझी होती. मी प्रयोग दाखवला आणि फॉर्म होता तसा ठेवला. फॉर्म कोणाला वाचवतो हे मी विचारले नव्हते. नंतर विचारले तेव्हा उत्तर सरळ मिळाले. इन्क्रिमेंटला पैसे मोजके असतात, कोणाला तरी कमी द्यावे लागतात, आणि कमी का दिले हे समोर बसून सांगण्याची हिंमत मॅनेजरमध्ये नसते. मग तो म्हणतो, "माझ्या हातात काही नव्हतं रे, कर्व्हमध्ये बसवावं लागलं." हिंजवडीत काम केलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेले असेल. बेल कर्व्ह, म्हणजे कोणत्या गुणांत किती टक्के माणसे बसवायची याचा आधीच ठरलेला साचा, हे मॅनेजरच्या डोक्यावर धरलेले छत्र आहे. वरच्या वीस टक्क्यांना बक्षीस आणि खालच्या दहा टक्क्यांना नारळ, ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्शच्या काळात जगभर गाजली. पुढे त्याच कंपनीने ती सोडली. अडोबीने २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापन बंद केले, मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये माणसांना उतरंडीत बसवणे थांबवले, इन्फोसिसनेही पुढे बेल कर्व्ह काढून टाकला. पण जिथे मॅनेजरांना समोरासमोर बोलायला शिकवले नाही आणि पैशाचा प्रश्न वेगळा सोडवला नाही, तिथे कर्व्ह नाव बदलून परत आलेला मी स्वतः पाहिला आहे.

सरकारी कार्यालयांत याचेच भावंड म्हणजे गोपनीय अहवाल, सीआर. वरिष्ठाने कनिष्ठाबद्दल लिहायचे आणि प्रतिकूल शेरा सोडला तर ते कनिष्ठाला दिसायचेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितले की प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, कारण 'चांगला' हा शेरासुद्धा कोणाची पदोन्नती अडवू शकतो. नियम बदलले, नाव बदलले. तरी आजही मंत्रालयाच्या कँटीनमध्ये "सीआर लिहून झाला का?" असेच विचारतात. शब्द जिथे टिकतो तिथे सवयही टिकलेली असते.

माहिती नसल्यामुळे संस्था जुने धरून ठेवतात, हा समज मोडायला मला एकच उदाहरण पुरते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि वाईट मोटारींसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला, आणि बहुतेक कामगार तेच जुने घेतले, युनियन तीच. काहींना जपानला नेऊन आणले. तिथे त्यांनी पाहिले की काही चुकले तर कामगार डोक्यावरची दोरी ओढतो, मदत येते, गरज पडली तर अख्खी लाइन थांबते आणि कोणी ओरडत नाही. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे होते. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून अमेरिकेतल्या उत्तम मोटारींमध्ये गणल्या जाणाऱ्या मोटारी निघू लागल्या.

त्या दोरीचे मूळ मागात आहे. साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला होता की धागा तुटला की तो आपणहून थांबे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यातला विचार. १९२० च्या दशकात तो माग पूर्णत्वाला गेला, म्हणजे मुंबईचा विणकर तिसऱ्या मागाविरुद्ध संपावर जात होता त्याच दशकात. मला हा योगायोग अस्वस्थ करतो. धागा तुटतो हे दोन्हीकडे माहीत होते.

जनरल मोटर्सला फ्रीमाँटमध्ये सगळे उघड्यावर पाहायला मिळाले. त्यांचे मॅनेजर तिथे राहून आले, टिपणे आली, फोटो आले. दोऱ्या इतर कारखान्यांतही टांगल्या गेल्या. काही ठिकाणी ती दोरी ओढणाऱ्यावर फोरमन धावून जाऊ लागला, कारण फोरमनचे मोल अजून दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच ठरत होते. दोरी नवी आणि फोरमनचा फॉर्म जुना. तो बिचारा करणार काय?

मग जुने सोडायला मदत करायची कशी? कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचे दुसऱ्या महायुद्धातले एक काम मला इथे उपयोगी पडले. मांसाची टंचाई होती. काळीज, मूत्रपिंड असे घरी सहसा न शिजणारे भाग गृहिणींनी वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. आयोवातल्या काही गटांना पोषणावर उत्तम व्याख्यान दिले, पाककृती वाटल्या. दुसऱ्या गटांतल्या बायकांना आपापसांत बोलू दिले. घरचे नाक मुरडतील, वास येतो, कसे शिजवायचे, हे सगळे त्यांनीच काढले आणि शेवटी करून बघणार का हे सर्वांसमोर हात वर करून ठरवले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी घरी तो पदार्थ केला, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. त्यानंतर माझी व्याख्याने मी निम्म्याहून कमी केली.

आता मी कारखान्यात किंवा कार्यालयात गेलो की एखादी पद्धत घेऊन ती रोज हाताळणाऱ्यांमध्ये बसतो. ही सुरू झाली तेव्हा कशाची भीती होती, एवढेच आधी विचारतो. बहुतेक ठिकाणी एखादा जुना माणूस असतोच, त्याला चोरी आठवते, संप आठवतो, एखादा अपघात आठवतो. मग विचारतो, ती भीती आज कोणाच्या वाट्याला आहे. आणि शेवटी, ही पद्धत थांबवल्यावर काही बिघडले तर जाब कोणाला द्यावा लागेल. या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले की ज्याला जाब द्यावा लागेल त्याच्यासाठी कोण लिहून देणार, हे ठरवायचे. ते लिहून मिळेपर्यंत मी पुढे जात नाही. या कामाला वेळ लागतो. मालक कधीकधी कंटाळतात.

हे प्रश्न मी दुसऱ्याही कारणासाठी सोडत नाही. जुने ते सगळे टाकाऊ नसते. वेल्डिंगआधीच्या परवानगीवर दोन सह्या लागतात, मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज बंद करून कुलूप लावतात, त्यामागे कोणाचे तरी गेलेले बोट आणि कोणाचा तरी गेलेला जीव आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमध्ये वायू बाहेर पडला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही चालू नव्हता. टाकी थंड ठेवण्यावरचा खर्च कोणाला तरी अनावश्यक वाटला होता. जुनी पद्धत कशासाठी होती हे न विचारता ती काढणारा सल्लागार मला जुनी पद्धत कवटाळून बसलेल्या माणसापेक्षा जास्त धोकादायक वाटतो, आणि चपळ, लवचीक अशा शब्दांच्या आडून हा प्रकार हल्ली वाढतो आहे.

पुस्तकातली प्रकरणे अनुक्रमानेच वाचावीत असे नाही. पहिली दोन इतिहासाची आहेत, ती मी मुद्दाम सविस्तर लिहिली, कारण आपल्या हातातल्या फॉर्मला शंभर वर्षांचे वय आहे हे कळल्याशिवाय तो कोणी खाली ठेवत नाही. मूल्यमापनावरचे प्रकरण मनुष्यबळ विभागातल्यांनी वाचावे, पण त्याहून अधिक ज्यांना वर्षातून एकदा दुसऱ्याच्या पगारावर सही करावी लागते त्यांनी वाचावे. सहकारी संस्था आणि नगरपालिका यांच्याबद्दलचे प्रकरण लहान आहे. तिथला माझा अनुभव लहान आहे.

ज्या कारखान्यांत आणि कार्यालयांत मी शिकलो त्यांची नावे दिलेली नाहीत. लोक माझ्यासमोर आपल्या भीतीबद्दल बोलले, ते छापून त्यांच्यावर उलटू नये.

वाचकाला एक विनंती. पुस्तक सुरू करण्याआधी तुमच्या टेबलावरचा किंवा खात्यातला असा एक कागद शोधा, जो सगळे भरतात आणि वाचत कोणी नाही. तो जो माणूस सांभाळतो त्याच्याशेजारी जाऊन बसा. चहा सांगा. हा कागद उद्या बंद झाला तर तुम्हाला कोण बोलेल, एवढे विचारा आणि तो जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. मग पहिले प्रकरण उघडा.